भरली पाटी, रिकामी पाटी

एका बाईला मी वांझ म्हटलं. तोंडावर म्हटलं असतं तर तिनं माझी जीभ हासडली असती आणि विषय तिथंच मिटला असता. पण मी छापून म्हटलं, शुद्ध मराठीत, सहा तळटिपा देऊन. वर त्याबद्दल प्राचार्यांच्या हातून नारळ आणि शाल घेतली. शाल अजून आहे. मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या या फ्लॅटमध्ये इतकं उकडतं की ती अंगावर घ्यायचा प्रश्नच येत नाही. कपाटाच्या तळाशी पडून असते, आणि डांबराच्या गोळ्या बदलायच्या निमित्तानं वर्षातून एकदा मला माझी अक्कल दाखवून जाते.

हे आज लिहायला बसले ते नातीमुळे. तिला कॉलेजात एका कवितेचं रसग्रहण करायचंय. काल तिनं कविता फोनला वाचायला दिली आणि फोननं तिला अर्धं पान अर्थ काढून दिला. प्रतीक काय, रूपक काय, स्त्रीजाणीव काय, सगळं जागच्या जागी. मी विचारलं, "कविता कुणी लिहिलीय? कुठली बाई? कधी लिहिली?" तर म्हणते, "आजी, ते सिलॅबसमध्ये नाहीये. अर्थ मिळालाय ना, मग बस की!" मला हसूच आवरेना. ती रागावली. तिला वाटलं मी फोनला हसतेय. मी हसत होते ते सव्वीस वर्षांच्या एका बाईला, जिच्याकडे फोन नव्हता तरी ती हेच काम हातानं करत होती.

तर ती बाई. देशावरून लग्न होऊन इकडे आलेली, एम.ए. मराठी, पहिल्या वर्गात, आणि ते समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल याची काळजी घेणारी. भाईंदरच्या एका कॉलेजात नवी नोकरी. नवरा दिवसभर मुंबईत. खाडीकडच्या एका गावात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तेव्हा इमारती स्टेशनच्या आसपासच. गावातून बाहेर पडलं की डाव्या हाताला भातखाचरं, उजव्या हाताला मिठागरं, आणि उन्हात त्या मिठागरांकडे बघितलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत.

घरमालकीण आगरी. तिला सगळे काकी म्हणत, म्हणून मीही काकी म्हणायची. भाताची थोडी जमीन होती, पण पावसाळा सरला की काकी मिठागरावर जायची, मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहायला. समोरच्या घरात तिच्या सख्ख्या भावाची बायको. काकी तिला वयनी म्हणायची, काकीची मुलगी मामी म्हणायची, म्हणून माझीही ती मामी. नणंद-भावजय एकाच गावात, एकाच गल्लीत, एकाच मिठागरावर. सकाळी काकी दारातून ओरडायची, "वयनी, चल गो!" आणि समोरून उत्तर यायचं, "तूच उशीर करतेस, नि मलाच चल बोलतेस!" रोज हेच. मी खिडकीत चहा पीत, हातात समीक्षेचं पुस्तक धरून हे ऐकायची आणि मनात म्हणायची, किती साधी माणसं! स्वतःला तेव्हा मी फार गुंतागुंतीची समजत असे.

कॉलेजचा वार्षिकांक निघायचा होता. संपादक मीच. लोकगीतांवर लेख लिहायचा, असं मी ठरवलं. लोकगीतं गोळा करणं तेव्हा विद्वानांत जोरात होतं, आणि मला विद्वान व्हायची घाई होती. नवऱ्याच्या मित्राकडून टेपरेकॉर्डर आणला. एका दुपारी काकीच्या ओट्यावर जाऊन बसले. काकी सुपात सुका जवळा निवडत होती, मामी शेजारी बसून तिला मदत करत होती.

"काकी, तुमचं एखादं जुनं गाणं म्हणा ना."

"कसलं गानं? लगनाचं का कामाचं?"

इथं देवानं मला संधी दिली होती. कामाचं म्हणजे कसल्या कामाचं, एवढं जरी विचारलं असतं तरी पुढचं टळलं असतं. मी म्हणाले, "काहीही चालेल. फक्त जुनं हवं." जुने कपडे घेणाऱ्या बोहारणीसारखी मी.

काकीनं घसा खाकरला, मशीनकडे संशयानं बघितलं आणि गायला लागली:

वाट दे गो वयनी, वाट दे गो वयनी,
माजी पाटी भरली, तुजी पाटी रिकामी,
खाली उतर वयनी, वाट दे गो वयनी.

हेच, पुन्हा पुन्हा. चाल सरळ, ठेका चालण्याचा. मधूनमधून काकी थांबायची, जणू कशाची तरी वाट बघतेय, आणि पुन्हा तेच कडवं घ्यायची. दोन-तीन मिनिटांत मी बटण दाबलं. मला पाहिजे ते मिळालं होतं. मनात लेख तयारही झाला होता.

लेखातलं एक वाक्य मला पाठ आहे. आपण केलेल्या पापांपैकी काही पाठ राहतातच. "प्रस्तुत गीतात 'भरली पाटी' हे मातृत्वाचे, तर 'रिकामी पाटी' हे वंध्यत्वाचे प्रतीक असून, 'खाली उतर' या उद्गारातून अपत्यवती नणंदेचा अहंकार आणि निपुत्रिक भावजयीची कुटुंबातील पदच्युती प्रकट होते." पदच्युती! भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही मी त्या काळात 'प्रकट' होत असे. कडव्यांची पुनरावृत्ती मी 'रचनादोष' म्हणून कापली आणि तीन ओळींचंच गीत छापलं. खाली टीप: संकलन, अमुक गाव, गायिका, अमुक वयाची आगरी स्त्री. काकीचं नाव घातलं नाही, तेवढाच काय तो शहाणपणा. पण त्या गावात हे गाणं म्हणणारी, समोर भावजय असणारी आणि एम.ए. झालेली भाडेकरीण ठेवणारी बाई एकच होती.

आणि मामीला मूल नव्हतं.

मला ते माहीत नव्हतं. शपथेवर सांगते. सात महिने मी समोर राहत होते, पण मामीच्या अंगणात कायम तीन-चार पोरं असायची, त्यातली दोन तिची असणार असं मी धरून चालले. कधी विचारलं नाही. पुस्तकात डोकं घातलेल्या माणसाला समोरच्या घरात कोण राहतं हे कशाला कळायला हवं?

अंक आला. काकीच्या मुलीनं तो माझ्याकडून कौतुकानं मागून नेला. ती दहावी झालेली, लग्न ठरलेली, वाचायची हौस असलेली. संध्याकाळच्या आत ओट्यावर आठ-दहा बाया जमल्या. "आपलं गानं पुस्तकात आयलं," म्हणून. मी माझ्या दारात उभी, चेहऱ्यावर नम्र भाव. मुलगी मोठ्यानं वाचायला लागली. पहिलं पान कुणाला कळलं नाही. सगळ्या कौतुकानं माना डोलवत होत्या. मग तिनं ते वाक्य वाचलं. वाचलं ते अडखळत, म्हणून प्रत्येक शब्द सुटा सुटा पडला. मातृत्व कळलं. वंध्यत्व कुणाला कळलं नाही. एका बाईनं विचारलं, "म्हंजी काय गो?" आणि मुलीनं, बिचारीनं, सांगितलं.

मामी उठली. पदर झटकला, त्यावर काहीच नव्हतं तरी. काकीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. आणि समोर आपल्या घरात गेली. दार नुसतं लोटलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या सकाळी काकीनं दारातून हाक मारली, "वयनी, चल गो!" समोरून उत्तर आलं नाही. मामी मागच्या दारानं केव्हाच निघून गेली होती.

काकीनं भाडं घेतलं, पाणी भरू दिलं, जवळ्याची चटणी मात्र यायची बंद झाली. मीच कानकोंडी होऊन एक दिवस गेले. म्हटलं, "काकी, मामींना मी समजावून सांगते. हे सगळं साहित्यात असतं, प्रतीकात्मक असतं, कुणा एका व्यक्तीबद्दल नसतं." काकी कोयतीवर, म्हणजे विळीवर, मासळी कापत होती. हात न थांबवता म्हणाली:

"मास्तरीन, माज्या पोरीची हलद हाय पुढल्या म्हयन्यान. पयली हलद कोन लावनार तं म्हायती हाय तुला?"

"नाही."

"न्हायच म्हायती तुला. वयनी लावनार. जिला पोर न्हाय तिनं लावाची न्हाय, असा माज्या सासरच्यांनी गोंधल घातला. मी सगल्यांशी भांडले. माज्या नवऱ्याशी भांडले. बोलले, ही पोर वयनीच्या मांडीव वाढली, पयला हात तिचाच. सगली कबूल झाली. आनी आता वयनी बोलते, तू मला पुस्तकात रिकामी बोललीस. मी येनार न्हाय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकीनं कोयतीवरून हात उचलला.

"तू बोलू नको. उद्या सकाली माज्याबरोबर आगरान ये. बूट घालू नको."

आगर म्हणजे मिठागर. बूट मी कधीच घालत नव्हते, पण ती वेळ वाद घालायची नव्हती.

गेले. नायलॉनची साडी, डोळ्यांवर चष्मा, पर्समध्ये वही आणि पेन. वही! निरीक्षणं टिपून घ्यायला! त्या सकाळचा माझा फोटो कुणी काढला नाही याबद्दल मी आयुष्यभर देवाची ऋणी आहे.

मिठागर मी खिडकीतून, रस्त्यावरून, बसमधून पाहिलं होतं. त्यात उभी पहिल्यांदाच राहिले. चौकोनी उथळ खाचरं, त्यांत खारं पाणी, तळाशी मिठाचा थर. खाचरांच्या मधून मातीचे बांध, एका माणसाच्या पायांपुरते रुंद. पुरुष मीठ ओढून कडेला आणत होते, बाया ते पाट्यांत भरून बांधावरून दूरच्या राशीपर्यंत नेत होत्या. ऊन वरून आणि खालून, दोन्हीकडून. चष्म्यामुळे तर मला चार सूर्य दिसत होते.

काकीनं माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर पाटी. अर्धीच भरली होती. ओल्या मिठाचं वजन काय असतं हे मला वरणात मीठ घालून कळलेलं नव्हतं. मान जागच्या जागी रुतली. पाटीतून पाणी झिरपून कपाळावर, कपाळावरून डोळ्यांत. दोन्ही हात पाटीला, पुसणार कशानं? पायाखालचा बांध दिसत नाही, कारण मान खाली होत नाही. समोरचंही धड दिसत नाही, कारण डोळ्यांत खार.

"चल," काकी मागून म्हणाली.

"काकी, मला काही दिसत नाहीये!"

"कुनालाच दिसत न्हाय. चल."

मी पावलं टाकायला लागले, चाचपडत. बांध शेवाळलेला, गुळगुळीत. वीस-पंचवीस पावलं गेले असेन. समोरून कुणीतरी येत होतं. पावलांचा चपचप आवाज येत होता. राशीवर पाटी रिकामी करून परत येणारी बाई. ती कोण ते दिसेना. बांध एकीपुरता, आम्ही दोघी. मी थांबले तर मागे भरल्या पाटीनं काकी येतेय. थांबलं तर पाटी घसरते, चाललं तर धडक.

"बोल!" काकी मागून ओरडली. "मास्तरीन, बोल आता! छापलंस ना, तं बोल!"

आणि माझ्या घशातून, रडल्यासारख्या आवाजात, बेसूर, ते निघालं, "वाट दे गो वयनी... माझी पाटी भरली... तुझी पाटी रिकामी... खाली उतर वयनी..."

चपचप थांबली. मग डुबुक असा आवाज आला. समोरची बाई बांधावरून खाली, गुडघाभर खाऱ्या चिखलात उतरली होती. मी तिच्या शेजारून पुढे गेले. तिनं माझी पाटी कडेनं एका हातानं सावरली, नाहीतर मी ती सांडली असती. पुढे गेल्यावर मागून काकीचा आवाज आला, "वयनी गो..." आणि दुसरा आवाज काहीच आला नाही. तेव्हा मला कळलं की चिखलात उतरलेली बाई मामी होती.

राशीपाशी माझी पाटी कुणीतरी उतरवून घेतली. डोळे पुसले. आता मी रिकामी, परत फिरले. अर्ध्या वाटेवर समोरून मामी येत होती. या वेळी तिची पाटी काठोकाठ भरलेली, मान ताठ, डोळे अर्धवट मिटलेले. मी तिला बघत होते, ती मला बघू शकत नव्हती. समोर पाऊल वाजलं तशी ती गायला लागली. कुणाच्या अंगावर गातेय हे तिला माहीत नव्हतं. समोरून येणारी नेहमी काकी असायची म्हणून तिनं सवयीनं तेच घेतलं:

वाट दे गो नंदे, वाट दे गो नंदे,
माजी पाटी भरली, तुजी पाटी रिकामी,
खाली उतर नंदे, वाट दे गो नंदे.

नणंदेला. भावजय नणंदेला म्हणत होती, तेच शब्द. मी नायलॉनच्या साडीसकट चिखलात उतरले. उतरले म्हणजे पडले. बसकण मारली. चष्मा गेला, पर्स गेली, वहीसुद्धा गेली, आणि त्या वहीचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. आजूबाजूच्या बांधांवरच्या बाया खो खो हसत होत्या. काकी तर हसत होतीच, डोक्यावर भरली पाटी असलेल्याही हसत होत्या, आणि भरल्या पाटीखाली हसणं किती कठीण असतं ते मला आता माहीत होतं.

मामी हसली नाही. आवाज ऐकून तिला कळलं असणार. ती तशीच पुढे गेली.

त्या दुपारी अंग धुवून, मीठ चावलेल्या पायांना खोबरेल लावून मी टेपरेकॉर्डर काढला. लेख लिहिताना मी तो एकदाच ऐकला होता, कान वहीकडे ठेवून. आता नीट ऐकला. काकी एक कडवं म्हणते आणि थांबते. ती थांबते तिथं दुसरा, खालच्या पट्टीतला आवाज सुरू होतो, "वाट दे गो नंदे..." मामीचा! आणि लगेच तिसरा आवाज येतो, टोकदार, शुद्ध, पहिल्या वर्गातला: "श्श! मामी, तुम्ही मध्ये नका ना म्हणू. रेकॉर्डिंग चाललंय."

तो आवाज माझा.

पुढे टेपवर काकी एकटीच आहे. दर कडव्यानंतर थांबतेय, दुसऱ्या आवाजाला जागा सोडतेय, आणि तो येत नाही म्हणून पुन्हा आपलंच कडवं घेतेय. मी जिला रचनादोष म्हटलं ती पुनरावृत्ती त्या थांबण्यामुळे होती. अर्धं गाणं मीच गप्प केलं आणि उरलेल्या अर्ध्यावरून सिद्ध केलं की एक बाई दुसरीला हिणवतेय. त्या गाण्यात कुणी कायमची भरलेली नाही आणि कुणी कायमची रिकामी नाही. जाताना जी भरलेली, ती येताना रिकामी. जी भरलेली ती ओरडणार, रिकामी ती चिखलात उतरणार, आणि दुसऱ्या खेपेला उलटं. दिवसातून किती वेळा त्या दोघी एकमेकींसाठी चिखलात उतरल्या असतील, आणि किती वर्षं! मी त्यातून अहंकार काढला.

पुढच्या आयुष्यात या एका दुपारीनं मला जे शिकवलं ते विद्यापीठानं दोन वर्षांत शिकवलं नव्हतं. पुढे कॉलेजात एका मुलीनं आठवणीवर निबंध लिहिला. मराठवाड्यातून आलेलं बौद्ध कुटुंब, वडील इथं नोकरीला. निबंधात तिनं लिहिलं होतं की मामा गेल्याची बातमी आली तेव्हा आईनं आधी सगळे हंडे भरले आणि मगच ती रडली. वर्गात मी तो वाचून दाखवला. पोरं म्हणाली, आई किती कठोर दाखवलीय, भावना दडपलेली स्त्री वगैरे. माझ्याही जिभेवर एक तयार वाक्य आलं होतं. गिळलं. मुलीला विचारलं, "का गं, आधी हंडे का?" ती म्हणाली, "मॅडम, नळ अर्धा तास यायचा. रडायला माणसं येणार होती, त्यांना प्यायला पाणी लागणार होतं." त्या आईचं रडणं त्या हंड्यांतच होतं. आधी विचारलं म्हणून ते मला दिसलं. नाहीतर त्या दिवशी मी आणखी एका बाईची पदच्युती केली असती. ते वळण मला काकीनं लावलं, मान धरून, मिठाच्या पाटीखाली.

पण तेव्हाचं अजून पुरं झालेलं नाही. हळदीला आठ दिवस होते आणि मामीचं दार काकीसाठी उघडत नव्हतं.

मी पुन्हा लिहायला बसले. या वेळी तळटिपा नव्हत्या. मोठ्या अक्षरात, काकीच्या मुलीला भराभर वाचता येईल असं. काय लिहिलं? मिठागरात कोण कुणाला वाट देतं ते. डोळ्यांत खार गेल्यावर गाण्याशिवाय समोरच्याला सांगायचा दुसरा मार्ग नसतो ते. ते गाणं दोघींचं आहे आणि त्यातली एक मी गप्प केली होती, तेही. मामीच्या नावासकट, कारण या वेळी नाव घालणं भाग होतं. आणि शेवटी, मी चुकले, असं दोन शब्दांत. एम.ए. झाल्यापासून एवढं लहान वाक्य मी लिहिलं नव्हतं.

त्याच ओट्यावर, त्याच बाया बोलावल्या. मी म्हटलं, मीच वाचणार. मुलीनं का वाचावं? चूक तिची नव्हती. मामीला बोलवायला काकी गेली नाही, मीही गेले नाही. काकी म्हणाली, "गल्ली काय मोठी हाय का? आयकू जाईल." मग मी आवाज वर्गातल्यासारखा चढवला आणि समोरच्या लोटलेल्या दाराकडे तोंड करून वाचलं. माझ्या आवाजाचा त्या दिवशी पहिल्यांदा काही उपयोग झाला. वाचून झालं. दार हललं नाही. एक बाई म्हणाली, "चांगलं लिवलंस." दुसरी म्हणाली, "पन तू आगरान पडलीस तं न्हाय लिवलंस!" सगळ्या हसल्या. मी कबूल केलं, ते लिहायची अजून हिंमत नाही. आता झाली, बघा.

हळदीच्या दिवशी मांडव पडला, आंब्याचे टहाळे बांधले, मुलगी पाटावर बसली, हळदीची वाटी पुढे आली. काकीच्या सासरच्या बाया एकमेकींकडे बघत होत्या. त्यांतली एक पुढे व्हायला लागली. काकी म्हणाली, "थांब." नुसतं तेवढंच. वाटी हातात धरून मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली, समोरच्या दाराकडे बघत. वाजंत्री थांबली. मला वाटलं, आपण इथून निघून जावं, देशावर, आईकडे, कायमचं.

काकी गायला लागली. मांडवात, हळदीच्या वेळी, कामाचं गाणं. कुणी कधी असं केलेलं नसणार. "वाट दे गो वयनी, वाट दे गो वयनी..." हळू, पण ठेका तोच. कडवं संपलं. काकी थांबली.

थांबली ती खूप वेळ थांबली. या वेळी मी श्श केलं नाही, कुणीच केलं नाही.

समोरच्या घराच्या आतून, खालच्या पट्टीत, दुसरं कडवं आलं. मग दार उघडलं. मामी नवी हिरवी साडी नेसूनच बसली होती. किती वेळ तशी बसली होती कुणास ठाऊक. ती गल्ली ओलांडून आली, सरळ मुलीपाशी गेली, वाटीत बोटं बुडवली आणि पहिला हात लावला. मुलगी रडायला लागली, काकी तिला म्हणाली, "रडतेस कशाला गो, हलद ओघलंल!" आणि स्वतःच रडत होती.

पहिली खेप झाल्यावर मामीनं उरलेली हळद बोटांनी माझ्या चष्म्यावर ओढली. नवा चष्मा होता. जुना मिठात गेला होता.

त्या गावातून आम्ही पुढे मीरा रोडला आलो, आधी पूनम सागरकडे भाड्यानं, मग इथं. मिठागरं कमी होत गेली. काकी गेली, तिच्या मुलीला आता नातवंडं आहेत. पुढच्या वर्षीच्या अंकात मी गाणं पुन्हा छापलं, डावीकडे काकीचं कडवं, उजवीकडे मामीचं, मध्ये रिकामी जागा. प्राचार्य म्हणाले कागद वाया जातोय. मी म्हटलं, जाऊ दे. माझ्याकडे दोन्ही अंक आहेत आणि नातीला मी आज दोन्ही दाखवले. तिनं पहिला वाचला, मग दुसरा, आणि म्हणाली, "आजी, तू किती डेंजर होतीस यार." बरोबर आहे तिचं. त्या दोघींनी मला तशी राहू दिली नाही, यासाठी मी त्यांचे पाय धरते. काकीचे धरायचे राहून गेले.

मामीचे धरले, हळदीच्या दुसऱ्या दिवशीच. दुपारी तिच्या घरी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून. तळव्यांना मिठाच्या भेगा होत्या. मी वाकले तर तिनं पाय आखडून घेतले. मी म्हटलं, "मामी, मी फार वाईट लिहिलं. तुम्ही मला माफ केलंत?" तिनं मला हात धरून आपल्या शेजारी बसवलं आणि म्हणाली:

"चुकीचं लिवलंस त्याचा राग न्हाय गो मास्तरीन. सात म्हयने मी तुज्या समोर बसत व्हते, इचारलं का न्हायस, त्याचा राग आयला. आता इचार. काय इचाराचं तं इचार. माज्याकडं आख्खी दुपार हाय."